शेंगदाणा लाडू कोणत्या अक्षरात छापायचा?

नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने मराठी वर्णमालेबद्दल सुधारित निर्णय काढला, तेव्हा चार दिवस ‘ल’ आणि ‘श’ बातम्यांत होते. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपं, दंडयुक्त (उभ्या रेघेचा) ल आणि शेंडीफोड्या श ही हिंदीच्या वळणाची, तेव्हा मराठीत मराठी रूपं वापरा, असा त्याचा मथितार्थ. समाजमाध्यमांवर थोडी थट्टा झाली आणि विषय मागे पडला. पण लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत ज्यांना काही ना काही मराठीत छापून घ्यावं लागतं, त्यांचा प्रश्न जागच्या जागीच राहिला. कीबोर्डवर ल एकच आहे. तो दाबल्यावर पाकळी उमटणार की दंड, हे ठरवतं कोण?

फॉन्ट ठरवतो. आणि फॉन्टची आता चणचण नाही. गूगल फॉन्ट्सवर देवनागरी निवडलं की डझनावारी नावं समोर येतात. तरी लोणच्याच्या बरणीवर, क्लासच्या जाहिरातीत आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फिरून फिरून तेच दोनतीन फॉन्ट दिसतात. ‘मुक्ता’ आणि ‘पॉपिन्स’ हे त्यातले ठरलेले गडी. दोन्ही चांगले आहेत, नीट घडवलेले आहेत. मात्र तुमचं लोणचं आणि शेजारच्याचं लोणचं एकाच फॉन्टमध्ये बसलं की दोन्ही एकाच घरचं वाटायला लागतं.

मग वेगळा फॉन्ट निवडायचा कसा? यादी वरून खाली चाळत ‘हा भारी दिसतोय’ म्हणून उचलायचा, ही रूढ पद्धत. माझ्या मते ती उलटी आहे. आधी आपला शब्द घ्यावा आणि त्यातली अक्षरं कोणत्या फॉन्टमध्ये बोलतात ते पाहावं.

## आधी तीन शब्द

टाइपफेस म्हणजे एका विचाराने घडवलेल्या अक्षरांचं कुटुंब. फॉन्ट म्हणजे त्या कुटुंबातल्या एका सदस्याची, उदाहरणार्थ ठळक वजनाची, कॉम्प्युटरवरची फाइल. व्यवहारात दोन्हीला सगळे फॉन्टच म्हणतात, इथेही तेच चालवू. तिसरा शब्द युनिकोड. जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक, म्हणजे युनिकोड. ‘ल’ला एक क्रमांक आहे. तो क्रमांक ‘हा ल आहे’ एवढंच सांगतो. ल कसा दिसेल याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

दिसणं हे सर्वस्वी फॉन्टच्या हातात. काही फॉन्टमध्ये एकच रूप असतं. काहींच्या पोटात दोन्ही असतात, आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं की मराठी रूप बाहेर येतं. भाषा निवडायची ती छोटी यादी बहुतेकजण कधी उघडतच नाहीत, आणि मग फॉन्टला नावं ठेवतात. ‘टिरो देवनागरी’ने तर सरळ हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्टच करून ठेवले आहेत. हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररी या ग्रंथमालेसाठी फियोना रॉस आणि जॉन हडसन यांनी केलेल्या अक्षरांमधून ही भावंडं आली. तिघांना एकाच ओळीत मांडून पाहा. एकाच घराण्यात ल-श कसे बदलतात, याचा इतका स्वच्छ धडा दुसरीकडे मिळणं अवघड.

## पूर्वी वेगळेपण हाताने यायचं

मुंबईत जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. तिथले खिळे, म्हणजे शिशाचे टाइप, राणोजी रावजी आरू यांच्या कोरीवकामातून आलेले. त्या वळणाची मराठी डोळ्याला पिढ्यान्‌पिढ्या सवय लागली. देवनागरीचं ‘मुंबई वळण’ आणि ‘कलकत्ता वळण’ असा भेद छपाईच्या धंद्यात केला जायचा, तोही याच काळातला. अ, झ, ण आणि ५, ८, ९ ही अक्षरं-आकडे पाहिले की कुठला टाइप ते जाणकार ओळखत.

पण पुस्तकाचा मजकूर एका टाइपात असला, तरी शीर्षक अनेकदा चित्रकार हाताने काढायचा. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं आठवा. नाटकाचा स्वभाव त्या नावाच्या वळणातच दिसायचा. म्हणजे विभागणी सरळ होती. वाचायचं ते खिळ्यांनी, लक्ष वेधायचं ते कुंचल्याने.

डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पान जुळवणं, आल्यावर कुंचला मागे पडला आणि शीर्षकही यादीतून निवडायची सवय लागली. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ घरोघरी पोचला. कॉम्प्युटरवर मराठी उमटवण्याचं काम त्याने चोख केलं. पुढे लोकांनी त्यात लग्नपत्रिका छापल्या, हा त्याचा दोष नव्हे. २०१४ च्या आसपास गूगलने देवनागरी फॉन्ट मोठ्या प्रमाणावर करून घ्यायला सुरुवात केली. मुंबईची ‘एक टाइप’, अहमदाबादची ‘इंडियन टाइप फाउंड्री’ अशा फॉन्ट घडवणाऱ्या संस्थांची कामं फुकट उपलब्ध झाली आणि पूर्वी कुंचल्याकडे असलेलं वेगळेपण पहिल्यांदाच मोठ्या संख्येने फॉन्टमध्ये आलं.

## वेगळेपण असतं कुठे?

‘मनपा’ हा शब्द दहा फॉन्टमध्ये लिहून पाहा. जाडी कमीजास्त होईल, पण चेहरा बहुतेक तोच राहील. म, न, प, ग, त ही अक्षरं दंड आणि एखादं वळण यांवर उभी आहेत. तिथे अक्षरकाराला हात दाखवायला जागाच थोडी. आता ‘झुळूक’ लिहा. झ आणि ळ, त्यांखालचे दोन उकार आणि शेवटचा क. दहा फॉन्ट दहा तऱ्हेने वागतील.

प्रत्येक फॉन्टचा स्वभाव अशा चारदोन अक्षरांत उघड होतो. अ, झ, ण, ल, श, ख, ळ, क्ष ही त्यातली मुख्य. त्याशिवाय शिरोरेषा सलग आहे की तुटक, गाठ भरीव आहे की पोकळ, वेलांटीची कमान किती लांब जाते आणि बोरूची कत जाणवते का, हे पाहायचं. बोरूचं टोक तिरकं कापतात, त्या कापाला कत म्हणतात. देवनागरीसाठीची कत रोमनच्या उलट दिशेला असते, म्हणून अक्षराचा जाड भाग कुठे येणार हे तिथेच ठरतं. इंग्रजी फॉन्टच्या सवयीने घडवलेली देवनागरी कधीकधी परकी वाटते, त्याचं एक कारण हे.

म्हणून फॉन्टच्या नमुना-पानावरचं सुंदर सुभाषित पाहून निर्णय घेऊ नये. त्या सुभाषितातली अक्षरं फॉन्टवाल्याने निवडलेली असतात. तुमच्या नावात झ नसेल, तर त्याच्या देखण्या झचा तुम्हाला उपयोग शून्य.

## एक लेबल जवळून

समजा, एका बचत गटाला ‘शेंगदाणा लाडू’चं लेबल करायचं आहे. नाव चांगलं आहे, कारण त्यात बोलकी अक्षरं भरपूर आहेत. श आणि त्याच्या डोक्यावर मात्रा व अनुस्वार एकत्र, मग ण, पुढे ल आणि शेवटी पायाशी दीर्घ उकार घेऊन बसलेला ड.

‘मुक्ता’मध्ये हे नाव स्वच्छ वाचता येतं. तक्रारीला जागा नाही, आठवणीत राहण्यासारखंही फारसं काही नाही. ‘बलू २’मध्ये अक्षरांचे कोपरे गोल होतात आणि नाव एकदम मुलांच्या खाऊसारखं दिसतं. गिऱ्हाईक मुलंच असतील तर पुढे बघायची गरज नाही. ‘मोदक’ हा ‘एक टाइप’चा, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला. त्यात अक्षरं इतकी फुगतात की आतली पोकळी चिरेएवढी उरते. मोठ्या आकारात ‘लाडू’ अक्षरशः लाडवासारखा दिसतो. मात्र ‘शें’पाशी थांबून पाहा. मात्रा, अनुस्वार आणि श यांनी तिथे चांगलीच दाटी केलेली असते. बरणीच्या पुढच्या बाजूला चार इंचात ते खपून जाईल. झाकणावरच्या गोलात तेच नाव बोटभर झालं की सगळा लगदा.

‘रोझा वन’मध्ये जाड रेघ फार जाड आणि बारीक रेघ फार बारीक. मासिकाच्या मुखपृष्ठावर ती ऐट शोभते. खरबरीत खाकी कागदावर छापलं तर बारीक रेघा शाईत बुडतात किंवा उमटतच नाहीत. ‘खंड’ हा अरुंद बांध्याचा, थोडा चौकोनी वळणाचा फॉन्ट. लांबलचक नाव कमी जागेत बसवायचं असेल तर कामाचा, पण त्यात लाडू व्यायामशाळेतला वाटतो. ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला. त्यात रंगाऱ्याच्या कुंचल्याचा हात दिसतो, त्यातली रोमन अक्षरंही देवनागरीच्या कतीची आठवण ठेवून काढलेली आहेत. गावच्या, हाताने वळलेल्या पदार्थाला तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. ‘टिरो देवनागरी मराठी’मध्ये हेच नाव जुन्या पाकशास्त्राच्या पुस्तकातून उचलल्यासारखं येतं. आजीच्या पाककृतीचा दावा असेल तर तेही शोभेल.

यातलं बरोबर कोणतं? ते लाडू कोणाला विकायचे यावर आहे. पण शब्द समोर ठेवल्यामुळे निवड सातांवरून दोनांवर आली. यादी चाळून ती आली नसती.

## गिऱ्हाईक चव बघतं, फॉन्ट कोण बघतो?

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो अर्धा खरा आहे. फॉन्टचं नाव कोणी सांगू शकणार नाही. मात्र रोजच्या वर्तमानपत्राने टाइप बदलला की पहिल्याच सकाळी ‘काहीतरी वेगळं दिसतंय’ असं घरातलं कोणीतरी म्हणतं. ओळख डोळ्याला असते, तोंडाला तिचं नाव माहीत नसतं. फळीवर दहा पुडकी शेजारीशेजारी असताना गेल्या वेळचं पुडकं शोधणारा माणूस आधी रंग आणि अक्षरांचा आकार शोधतो, वाचतो नंतर.

## मग सगळाच मजकूर त्याच फॉन्टमध्ये का नको?

कारण ठसठशीत फॉन्ट हिंगासारखा असतो. फोडणीत चिमूटभर पडला तर वास घरभर जातो, चमचाभर पडला तर ताट बाजूला सारावं लागतं. नाव ‘यात्रा वन’मध्ये घ्या. घटक, वजन, तारीख, पत्ता यांच्यासाठी मात्र निमूट वाचता येणारा फॉन्ट हवा. इथे ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ बिनधास्त वापरा, तिथे वेगळेपणाचा हट्ट नको. ‘मुक्ता’ची सात वजनं, म्हणजे जाडीच्या सात पायऱ्या, आहेत, त्यामुळे ठळक आणि साध्याचा फरक एकाच घरात भागतो. लेबलवर तिसरा फॉन्ट आणायचा मोह झाला, तर आधी पहिल्या दोनांतला एक काढा.

ओळींमधलं अंतर हा याचाच भाग. रोमनच्या मानाने देवनागरीला वर-खाली जास्त जागा लागते. वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार आणि एकाखाली एक येणारी जोडाक्षरं. इंग्रजीच्या मापाने चौकट आखली की ‘लाडू’चा ऊकार खालच्या ओळीच्या डोक्यात रुततो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर धरून सुरुवात करावी आणि मग नजरेने कमी करत यावं.

## दिसतो छान, पण मराठी येतं का त्याला?

हिंदीपुरताच तपासलेला फॉन्ट मराठीत नेमका कुठे अडखळतो, त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली ‘दऱ्या’. इथला र अर्धचंद्रासारखा यायला हवा. त्याचा रफार झाला तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्रातला दर्या होतो. पुऱ्या, तऱ्हा, गिऱ्हाईक, कातकऱ्यांचा या शब्दांतही तेच. खाद्यपदार्थांच्या धंद्यात पुऱ्या आल्या की ही परीक्षा टळत नाही. दुसरी ‘ॲ’. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ‘ॲप’च्या जागी रिकामी चौकट दिसू शकते. तिसरी रुपयाचं चिन्ह. ते २०१० चं. जुना देखणा फॉन्ट नाव सुरेख छापतो आणि किमतीपाशी तोंडघशी पडतो.

याशिवाय ट्ट, द्ध, ह्म, ङ्क, क्त अशी जोडाक्षरं लिहून पाहावीत. ती जोडलेली न येता पाय मोडून आली, तर चूक फॉन्टची असेल किंवा सॉफ्टवेअरची. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय निवडलेला नसेल, तर चांगल्या फॉन्टचीही दशा होते आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते. दुसरा फॉन्ट शोधण्याआधी ही खूण पाहून घ्यावी.

## ‘शिवकालीन’ दिसलं पाहिजे!

डिझायनरला मराठीत सगळ्यात जास्त ऐकावी लागणारी मागणी बहुधा हीच. मग टोकदार, तलवारीसारख्या वेलांट्यांची देवनागरी येते, तिला सोनेरी कडा आणि मागे भगवा. गंमत अशी की त्या काळचा मराठी राज्यकारभाराचा कागद देवनागरीत नसायचाच, तो मोडीत असायचा. आधी कागदावर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग त्यांना अक्षरं लटकवत हात न उचलता लिहीत जायचं, असं ते सरसर वळण. बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, ती पोथ्यांची. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली आणि ‘नोटो सान्स मोडी’सारखा फॉन्टही आहे, पण मोडीत छापलेलं लाडवाचं नाव वाचणार कोण? जुनेपण हवंच असेल, तर तलवारीपेक्षा पोथीकडे जावं. जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांवरून ‘एक टाइप’ने केलेला ‘जैनी’ आहे. त्यात जुनेपण अक्षराच्या अंगात आहे, वरून चढवलेलं नाही.

## शेजारी इंग्रजी नाव हवंच असेल तर?

एकाच कुटुंबातली दोन्ही लिप्यांची अक्षरं घेणं सोपं. ‘पॉपिन्स’ इतका पसरला त्याचं हे एक कारण. त्यात निनाद काळे यांनी केलेली देवनागरी आणि जॉनी पिनहॉर्न यांची रोमन एकाच मापात बसतात. ‘एक टाइप’चा ‘अनेक’ तर नऊ भारतीय लिप्या आणि रोमन अशा दहा लिप्यांचा आहे, शिवाय त्यातली अक्षरं हवी तेवढी जाड-बारीक आणि रुंद-अरुंद करता येतात. बेळगाव-सोलापूरच्या बाजूला कन्नड किंवा तेलुगूही लेबलवर घ्यावं लागत असेल, तर असा फॉन्ट सोन्यासारखा. दोन वेगळे फॉन्ट जुळवायचेच असतील, तर रेघेची जाडी आणि डोळ्याला जाणवणारी उंची जुळवा. पॉइंटचा, म्हणजे अक्षरमापाचा, आकडा दोन्हीकडे सारखा ठेवून काही साधत नाही. इंग्रजी अक्षरांवर शिरोरेषा ओढून केलेली ‘भारतीय’ इंग्रजी मात्र परदेशातल्या हॉटेलांना सोडून द्यावी.

## फुकटचा फॉन्ट सगळ्यांकडेच असणार ना?

असणारच. वर सांगितलेले बहुतेक फॉन्ट ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली आहेत, म्हणजे धंद्यासाठीही विनाशुल्क वापरता येतात. कुठूनतरी पेन ड्राइव्हवर आलेल्या फॉन्टबद्दल असं म्हणता येत नाही. तो विकत घ्यायचा असू शकतो आणि त्याच्या अटीही वेगळ्या असू शकतात.

पण फॉन्ट सगळ्यांकडे असला तरी नाव तुमचंच असतं. अक्षरं आकृतीत बदलून घेऊन एका जागी हात फिरवा. ‘लाडू’चा ऊकार थोडा गोल वळवा, ‘शें’चा अनुस्वार शेंगदाण्याच्या आकाराचा करा. एकच बदल, आणि तोही वाचताना अडथळा न होणारा. दोन बदल केले की विनोद होतो. बजेटमध्ये बसत असेल तर सुलेखनकाराकडून नावापुरती अक्षरं काढून घ्यावीत. एका शब्दासाठी माणसाचा हात अजूनही फॉन्टपेक्षा सरस ठरतो, असं माझं मत आहे, आणि फॉन्ट निवडण्याचंच काम करत असूनही ते बदललेलं नाही.

## फ्लेक्सवाला म्हणतो, हा फॉन्ट आमच्याकडे नाही

इथे निम्मे चांगले लेबल बिघडतात. छपाईच्या अनेक दुकानांत अजून युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे फॉन्ट चालतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’चे असे जुने फॉन्ट कित्येक ठिकाणी भरलेले असतात. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरी चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट काढला की मजकुराची इंग्रजी चिन्हांची खिचडी होते आणि तो मजकूर व्हॉट्सॲपवर किंवा वेबसाइटवर जसाच्या तसा नेता येत नाही. तरी नुसत्या छापील नावासाठी ते टाकाऊ समजू नयेत. त्या जुन्या संग्रहांत काही सुरेख शीर्षक-फॉन्ट आहेत आणि कागदावर शेवटी आकारच उमटतो.

तुमचा फॉन्ट दुकानात नसला, तर दुकानदार जवळचा दिसेल तो लावून मोकळा होतो. म्हणून छपाईला देताना सगळी अक्षरं ‘कर्व्ह’ करून, म्हणजे आकृतीत बदलून, पीडीएफ द्यावी. एकदा कर्व्ह केलं की मजकूर दुरुस्त करता येत नाही, तेव्हा किंमत आणि तारीख बदलायला न बदललेली मूळ फाइल स्वतःकडे ठेवावी. आणि पहिली प्रत खऱ्या कागदावर, खऱ्या मापात काढून हातभर अंतरावरून वाचावी. ‘शें’वरचा अनुस्वार भरून गेला असेल, तर तो हजार प्रती छापण्याआधी तिथेच दिसतो.